कॉलनीच्या उन्हाळी मेळ्यात गाणे-बजावणे कसे योजावे

खान्देशात वैशाखात उघड्यावर कोणताही कार्यक्रम योजायचा, तर पहिला निर्णय कलावंतांविषयी नव्हे, वेळेविषयी घ्यावा लागतो. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, धुळे आणि नंदुरबारकडेही दुपारी रस्ते ओस पडतात, आणि सूर्य मावळतो तो सायंकाळी ७ च्या सुमारास. मावळल्यानंतरही डांबरी रस्ता, सिमेंटचे ओटे आणि पत्र्याची छपरे अर्धा तास तरी धग सोडत राहतात. दुसऱ्या टोकाला कायद्याची मर्यादा आहे, कारण रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद झालाच पाहिजे. म्हणजे हाती उरतात साडेसात ते पावणेदहा असे सव्वादोन तास. सहा वाजता कार्यक्रम सुरू होईल असे पत्रिकेत छापू नये. त्या वेळी समोर रिकाम्या खुर्च्या असतात आणि व्यासपीठावरची लहान मुले उन्हाकडे तोंड करून गात असतात.

या सव्वादोन तासांत खूप काही बसवण्याचा मोह होतो. नृत्य, कराओके, मान्यवरांचे सत्कार, सोडत, आणि उरलेल्या वेळात गाणे, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. माझे मत असे आहे की कॉलनीच्या मेळ्यात गाण्याला मध्यभागी ठेवावे, बाकीचे त्याच्या कडेने लावावे, आणि ते गाणे लांबवर पोहोचवण्यापेक्षा समोर बसलेल्यांच्या कानाजवळ नेण्यावर सगळे कष्ट खर्च करावेत. पुढे जे लिहिले आहे ते याच एका गोष्टीसाठी आहे.

हे मत अनुभवातून बनले. आमच्या कॉलनीत पहिल्या वर्षी आम्ही लग्नाच्या वरातीला लावतात तसे मोठे ध्वनिक्षेपक भाड्याने आणले आणि मैदानाच्या एका टोकाला रचले. साठी ओलांडलेल्या सहा स्त्रियांनी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गौराईची गाणी म्हटली. ही गाणी त्यांनी माहेरच्या झोक्यावर बसून पाठ केलेली. त्यात एका ओळीवर दुसरी ओळ चढवत नेण्याची, मध्येच हसण्याची, उत्तर देण्याची रीत असते. ते सगळे एकोमध्ये विरघळून गेले. मागच्या रांगेतल्या एका आजींनी मला हाताने जवळ बोलावून सांगितले, "माले काहीच ऐकू येत नही." त्याच वेळी तीन गल्ल्या पलीकडच्या घरातून फोन आला की बाळ झोपत नाही, आवाज कमी करा. दोन्ही तक्रारी एकाच चुकीतून आल्या होत्या, हे समजायला आम्हाला एक वर्ष लागले.

तारीख आणि परवानग्या

खान्देशात वैशाख हा लग्नसराईचाही महिना असल्यामुळे दाट मुहूर्ताच्या दिवशी ध्वनिक्षेपकवाला, मंडपवाला, जनरेटर आणि ढोलकीवादक यांपैकी कोणीही मिळत नाही, आणि मिळाला तर तो दिवसभर वरातीत दमून आलेला असतो. म्हणून पंचांग घेऊन बसावे आणि मुहूर्त नसलेला शनिवार किंवा रविवार शोधावा. आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येते. त्या दिवशी लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यामुळे आखाजीच्या पाठोपाठचा शनिवार किंवा रविवार मिळाला तर गाणाऱ्याही घरातच असतात. प्रत्यक्ष आखाजीचा दिवस मात्र घरच्या पूजेला, पुरणाच्या मांड्यांना आणि झोक्याला मोकळा सोडावा. अमळनेरच्या परिसरात असाल, तर संत सखाराम महाराजांच्या यात्रेकडे लक्ष ठेवावे. बोरी नदीच्या पात्रात भरणाऱ्या या यात्रेत वैशाख शुद्ध एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते, आणि त्या दिवसांत तालुक्यातील भजनी मंडळे तिकडे गुंतलेली असतात. महाविद्यालयाच्या परीक्षांचे वेळापत्रकही पाहावे, कारण कॉलनीत दोन-चार घरी तरी अभ्यास चालू असतो.

ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते, आणि ती स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत मागावी. मैदान किंवा रस्ता नगरपालिकेचा अथवा महापालिकेचा असेल, तर त्यांची परवानगी वेगळी. मंडप मोठा असेल, तर अग्निशमन विभागाचीही विचारणा करावी. अर्ज किमान तीन आठवडे आधी द्यावा आणि त्याला जागेचा हाताने काढलेला नकाशा जोडावा. त्या नकाशात व्यासपीठ, ध्वनिक्षेपकांची तोंडे, जनरेटर आणि रुग्णवाहिकेला मोकळी ठेवलेली वाट दाखवली की बरेच प्रश्न विचारलेच जात नाहीत.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० हे आयोजकाने स्वतः वाचलेले असावेत. रहिवासी भागासाठी दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यात आहे. सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लावला असेल, तर त्या जागेच्या सीमेवरचा आवाज तेथील मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून वर जाता कामा नये, आणि कोणत्याही परिस्थितीत ७५ डेसिबलपलीकडे जाता कामा नये. रहिवासी भागात याचा अर्थ मैदानाच्या कुंपणावर जास्तीत जास्त ६५ डेसिबल. राज्य शासन वर्षातील काही ठरावीक दिवशी, पंधरापेक्षा अधिक नव्हेत अशा, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. कॉलनीच्या मेळ्याने ती सूट गृहीत धरू नये. जवळ रुग्णालय असेल, तर ते शांतता क्षेत्रात येते का हे अर्ज देतानाच विचारून घ्यावे आणि शक्यतो जागाच बदलावी.

चित्रपटगीते गाणार असाल, तर प्रताधिकाराचाही विचार करावा लागतो. हौशी मंडळाने तिकीट न लावता, विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ मध्ये सवलत आहे. पैसे घेणारा वाद्यवृंद बोलावला, तर ही सवलत धरून चालू नये; इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना कोण काढणार, तुम्ही की वाद्यवृंद, हे करारातच लिहावे. परंपरेने चालत आलेल्या ओव्या, झोक्याची गाणी आणि आरत्या यांच्याबाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही.

कागदावर न मिळणारी एक परवानगी मात्र सर्वांत आधी घ्यावी, ती शेजाऱ्यांची. मैदानाला लागून असलेल्या प्रत्येक घरी आठ दिवस आधी स्वतः जावे. घरात आजारी माणूस, तान्हे बाळ किंवा परीक्षेला बसलेला मुलगा आहे का ते विचारावे, आणि कार्यक्रम कधी संपेल ते सांगून एका जबाबदार व्यक्तीचा फोन क्रमांक द्यावा. जवळच्या मशिदीत आणि मंदिरातही जाऊन वडीलधाऱ्यांशी बोलावे. सूर्यास्तानंतरची अजान साडेसातपूर्वी होऊन जाते, पण रात्रीची अजान आणि मंदिरातील आरती कार्यक्रमाच्या मध्यावर येते. त्या दहा मिनिटांत निवेदन किंवा सरबताचा खंड ठेवला, तर कोणालाही ऐन गाण्यात थांबावे लागत नाही.

कोणाला बोलवावे

गाणारे बहुतेक कॉलनीतच असतात. भजनी मंडळ असते, तबला-पेटीच्या शिकवणीला जाणारी मुले असतात, निवृत्त शिक्षकांपैकी कोणीतरी बासरी वाजवतो, आणि प्रत्येक गल्लीत अहिराणी किंवा लेवा गणबोलीतील गाणी तोंडपाठ असणाऱ्या दोन-तीन जिजी, म्हणजे वयस्क बायका, असतात. या शेवटच्या मंडळींना पत्रिका पाठवून त्या येत नाहीत. दुपारी त्यांच्या ओट्यावर, बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घातल्या असतील तिथे, शेजारी बसून विचारावे लागते, आणि "आमचं गाणं काय ऐकायचं" हे दोनदा ऐकून तिसऱ्यांदा विनंती करावी लागते. त्यांच्यातील एक जण तयार झाली की उरलेल्यांना तीच घेऊन येते. त्यांना सलग वीस मिनिटे द्यावीत. पाच मिनिटांत ही गाणी रंगत नाहीत, कारण पहिली दोन गाणी संकोच जाण्यातच जातात.

बाहेरून एकच संच बोलवावा, पण तो इथल्या मातीतला असावा. गोंधळी मंडळींचे संबळ आणि तुणतुणे, वहीगायनाचे (हा खान्देशी लोकगायनाचा प्रकार) मंडळ, किंवा सातपुड्यातून धडगाव-अक्कलकुव्याकडचे ढोल आणि पावरी हे फुंकवाद्य वाजवणारे आदिवासी कलावंत, यांपैकी जे तुमच्या गावाला जवळचे असेल ते घ्यावे. आदिवासी कलावंतांना बोलावताना ते नेमके काय सादर करणार आहेत आणि ते अशा जागी सादर करणे त्यांना योग्य वाटते का, हे त्यांनाच विचारावे. देवकार्यात वाजवायची वाद्ये आणि चाली करमणुकीसाठी मागणे हा त्यांचा अवमान ठरू शकतो. एवढ्या लांबून येणाऱ्यांच्या जाण्यायेण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय मानधनात न धरता वेगळी करावी.

क्रम लावताना एक साधा नियम पाळावा: नाजूक आवाज आधी, दणकट वाद्ये नंतर. संबळ किंवा ढोल ऐकल्यावर कान काही वेळ बारीक आवाजाला तयार नसतात, आणि त्यानंतर आलेली गौराईची गाणी फिकी वाटतात. मुलांचे तबला-पेटीवादन साडेसातला, मग स्त्रियांची गाणी, खंडानंतर भजन किंवा भावगीते, आणि नऊच्या सुमारास बाहेरून आलेला संच, असा क्रम आम्हाला जमला. सत्कार दोनच, तेही खंडाच्या आधी उरकावेत. भाषणे ठेवू नयेत.

जागा, आवाज आणि हवा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या भागाकडे येतो. उघड्यावर एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ध्वनिक्षेपकापासून १ मीटरवर ९९ डेसिबल असेल, तर २ मीटरवर ९३, ४ मीटरवर ८७, ८ मीटरवर ८१ आणि १६ मीटरवर ७५. म्हणजे मागच्या रांगेला नीट ऐकू यावे म्हणून एका टोकाच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला, की पुढच्या रांगेतील मुलांच्या कानावर ९३ डेसिबल आदळतात आणि ६४ मीटरवरच्या घरात अजून ६३ पोहोचतात. पण तोच ७५ डेसिबलचा आवाज तुम्ही ४ मीटर अंतरावरून देऊ शकलात, तर ध्वनिक्षेपकाजवळ ८७ पुरतात. तिथून १६ मीटरवर ६३ आणि ६४ मीटरवर ५१ डेसिबलच राहतात. चार लहान ध्वनिक्षेपक एकाच वेळी चालू असल्याने प्रत्यक्षात हे आकडे थोडे वर जातात, पण मोठ्या दोन ध्वनिक्षेपकांच्या ऐवजी लहान चार का घ्यावेत याचे कारण या हिशेबात आहे.

त्यासाठी बैठकच आटोपशीर करावी. लांबट मंडप घालू नये. व्यासपीठ लांब बाजूच्या मधोमध ठेवून लोकांना त्याच्याभोवती अर्धवर्तुळात बसवले, तर दोन-अडीचशे माणसे १२ ते १५ मीटरच्या आत बसतात. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, अगदी कडेला वृद्धांसाठी पाठ टेकता येईल अशी जागा. व्यासपीठ फूट-दीड फुटापेक्षा उंच नको, कारण गाणारी जिजी आणि ऐकणारी जिजी एकमेकींच्या डोळ्यांत पाहू शकल्या तर गाणे निराळेच होते. लहान ध्वनिक्षेपक बसलेल्यांच्या डोक्यावरून जातील इतक्या उंचीवर, साधारण सात फुटांवर, तोंड खाली झुकवून लावावेत. ते आतल्या बाजूला वळलेले असावेत, घरांकडे नव्हे. पाठीमागे शाळेची किंवा समाजमंदिराची भिंत मिळाली तर तिचा आडोसा घ्यावा. भिंत समोर असेल, तर आवाज आदळून परत येतो आणि शब्द अस्पष्ट होतात.

जागा मोठी असून ध्वनिक्षेपकांची दुसरी जोडी दूर लावावी लागली, तर सावध राहावे. उन्हाळ्यातील तापलेल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५५ मीटर जातो, म्हणजे ३० मीटर अंतराला त्याला सेकंदाचा जवळजवळ बारावा भाग लागतो. तारेतून आलेला आवाज मागच्या जोडीतून लगेच निघतो आणि पुढचा मागाहून येतो, त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मिक्सरवर विलंब देण्याची सोय असेल, तर तेवढा विलंब लावावा; नसेल, तर दुसरी जोडी लावूच नये आणि लोकांना पुढे बोलवावे.

हवेचा आणखी एक गुण खान्देशात प्रकर्षाने जाणवतो. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, आणि त्यामुळे आवाज वरच्या दिशेला वळून विरतो. रात्री, विशेषतः आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमीन निवते, खालची हवा वरच्यापेक्षा थंड होते आणि आवाज पुन्हा जमिनीकडे वळून लांबपर्यंत जातो. म्हणून साडेसातला बेताचा वाटणारा आवाज नऊनंतर त्याच पातळीवर दूरच्या घरात त्रास देऊ लागतो, आणि वाजवणाऱ्याला वाटते की आपण काहीच बदललेले नाही. आम्ही एक स्वयंसेवक फक्त याच कामाला ठेवतो. तो दर अर्ध्या तासाने कुंपणाभोवती चक्कर मारतो, मोबाइलवरील मापकात आकडा पाहतो आणि मिक्सरजवळ येऊन सांगतो. मोबाइलचे माप अचूक नसते, पण सुरुवातीच्या आणि नंतरच्या आकड्यातील फरक कळायला ते पुरेसे असते.

ध्वनिक्षेपकवाल्या भाऊंशी आधीच बसून बोलावे. वराती आणि मिरवणुकांसाठी त्यांना मोठा आवाज, भरपूर खर्ज आणि एको मागितला जातो, म्हणून ते सवयीने तेच लावतात. यात त्यांचा दोष नाही. आपल्याला शब्द ऐकायचे आहेत, एको पूर्ण बंद हवा आणि गळ्याच्या माईकचा १०० हर्ट्झखालचा खर्ज कापायचा आहे, हे स्पष्ट सांगितले की बहुतेक जण आनंदाने करतात. व्यासपीठावरचे माईक नेहमी ध्वनिक्षेपकांच्या रेषेच्या मागे असावेत, नाहीतर शिट्टी वाजू लागते. एकट्याने गाणाऱ्याने माईक तोंडापासून चार बोटांवर ठेवावा. पाच-सहा स्त्रिया एकत्र गात असतील, तर प्रत्येकीच्या हातात माईक देऊ नये. त्या माईकला बिचकतात. त्यांना अर्धगोलात सतरंजीवर बसवून दोन माईक स्टँडवर, गाणाऱ्यांच्या तोंडापासून फूट-दीड फूट अंतरावर ठेवावेत आणि त्या दोन माईकमधील अंतर माईकपासून गाणारीच्या तोंडापर्यंतच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवावे, म्हणजे आवाज एकमेकांना खात नाहीत. संबळ आणि ढोल यांना माईक लागतच नाही. पावरी वाजवणारा नाचत नाचत वाजवतो. त्याच्यामागे माईक घेऊन धावण्यापेक्षा सगळे ध्वनिक्षेपक बंद करावेत आणि लोकांनाच गोल करून जवळ येऊ द्यावे. मेळ्याच्या रात्री तेवढा अर्धा तास यंत्राशिवायचा असावा, असे मला मनापासून वाटते.

वीज आणि वळीव

महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी. खांबावरून किंवा कोणाच्या घरातून ओढलेल्या तारेवर कार्यक्रम चालवू नये. लहान ध्वनिक्षेपक, मिक्सर आणि एलईडी दिवे यांना मिळून दोन-अडीच किलोवॅटपेक्षा अधिक क्वचितच लागतात. पर्यायी सोय म्हणून ५ केव्हीएचा जनरेटर, ज्यातून साधारण ४ किलोवॅट मिळतात, पुरेसा होतो. तो बैठकीपासून लांब, एखाद्या इमारतीच्या आडोशाला आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा, म्हणजे धूर आणि घरघर गाण्यात येत नाही. विजेची फळी करताना ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारी कळ) आणि नीट अर्थिंग यांबाबत तडजोड करू नये. आपल्याकडे धुरळा बसावा म्हणून दुपारी मैदानावर पाणी शिंपडतात. ते चारच्या आत आटोपावे आणि तारा जातात त्या पट्ट्यात पाणी टाकूच नये.

मे महिन्यात संध्याकाळी अचानक वावटळ आणि वळीव येतो. रावेर-यावलकडे याच वाऱ्याने उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात. तिथे कापडी मंडपाचा काय पाड? छताला कापड लावूच नये, रात्री त्याची गरज नसते. ध्वनिक्षेपकांचे स्टँड वाळूच्या पोत्यांनी दाबावेत, मिक्सरजवळ ताडपत्री घडी करून ठेवावी, आणि वीज चमकू लागली की मुख्य कळ कोणी बंद करायची ते एका माणसाच्या नावाने ठरलेले असावे. लोकांना कुठे न्यायचे, शाळेचा व्हरांडा की समाजमंदिर, त्याची किल्ली त्या संध्याकाळी आपल्या खिशात असावी.

वाद्ये आणि गळे

कोरड्या उष्णतेने कातडे ताणले जाते, त्यामुळे तबला आणि ढोलकी चढतात. बासरी गरम हवेत चढते, तर पेटीचे सूर किंचित उतरतात. घरी जुळवून आणलेली वाद्ये म्हणूनच व्यासपीठावर बेसूर वाटतात. कलावंतांना सातच्या आधी बोलावून वाद्ये व्यासपीठावरच अर्धा तास सावलीत ठेवावीत आणि मग पेटीला धरून जुळवणी करावी. बंद मोटारीत वाद्य ठेवू देऊ नये, कारण बासरीला तडा जाण्याची आणि पेटीच्या भात्याचे सांधे सुटण्याची भीती असते. तबल्यावर आणि पखवाजावर थेट हॅलोजनचा झोत पडणार नाही असे दिवे लावावेत; त्या झोताने पाच मिनिटांत स्वर बदलतो.

गाणाऱ्यांसाठी माठातले पाणी ठेवावे, बर्फाचे नको. प्रेक्षकांसाठी ताक, पन्हे किंवा लिंबू-सरबत भरपूर असावे, आणि ओआरएसची पाकिटे व ओले टॉवेल घेऊन एक परिचारिका किंवा डॉक्टर हजर असावेत. भजे आणि शेवभाजीचे स्टॉल व्यासपीठापासून निदान ३० मीटर दूर लावावेत. कढईचा आवाज, गिऱ्हाइकांचा गलका आणि फोडणीचा धूर हे तीन्ही गाण्याच्या मुळावर येतात. पाळणेवाल्याला आणि खेळण्यांच्या दुकानदाराला कार्यक्रमाच्या वेळेत स्वतःचा भोंगा लावू नये, हे जागा देतानाच लेखी सांगावे.

प्रत्यक्ष संध्याकाळी

ध्वनिचाचणी सहा ते सात या वेळेत, आसपासच्या घरांची दारे-खिडक्या उघडी असताना करावी आणि ती करताना मागच्या रांगेत एका वृद्ध व्यक्तीला बसवावे. तरुणांच्या कानांवर निर्णय सोपवू नये. त्या आजींना ओळीतला शब्द न शब्द सांगता आला, तर आवाज बरोबर आहे. न आला, तर आवाज वाढवण्याआधी एको, खर्ज आणि माईकची जागा तपासावी.

निवेदक कॉलनीतलाच असावा. त्याने प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्ये बोलावीत: हे कोणत्या प्रसंगी म्हणतात, आणि एखादा अहिराणी शब्द नव्या पिढीला अडेल तर त्याचा अर्थ. गाणाऱ्या स्त्रीची ओळख तिच्या माहेरच्या गावाने करून द्यावी. गावाचे नाव ऐकले की प्रेक्षकांतून कोणीतरी "मी बी तठलीच" म्हणून पुढे सरकते, आणि पुढचे गाणे बहुधा दोघी मिळून म्हणतात. अशा वेळी कार्यपत्रिका बाजूला ठेवावी आणि त्यांना म्हणू द्यावे.

पावणेदहाला थांबण्याचा नियम मात्र मोडू नये. शेवटचा संच लांबला, तर शेवटून दुसरे गाणे कापावे, शेवटचे कापू नये, आणि हे वाजवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. दहाला पाच मिनिटे असताना ध्वनिक्षेपकाची मुख्य कळ बंद झालेली असावी.

मानधन त्याच रात्री, कार्यक्रम संपल्यावर लगेच, पाकिटात, बसलेल्या जागी जाऊन द्यावे. कॉलनीतील गाणाऱ्यांनाही रिकाम्या हाताने पाठवू नये. त्यांना लुगडे किंवा ओटी, मुलांना वही-पुस्तक. गाणी ध्वनिमुद्रित करायची असतील, तर ते गाण्याच्या आधी विचारावे, नंतर नव्हे, आणि ती कुठे जाणार हेही सांगावे. काही जणी घरच्यांसाठी हो म्हणतात, पण इंटरनेटवर टाकायला नको म्हणतात. ते जसेच्या तसे मानावे. ध्वनिमुद्रणाची एक प्रत प्रत्येक गाणारीच्या नातवंडाच्या मोबाइलवर आठवड्याच्या आत पोहोचती करावी, आणि गाण्यांचे शब्द मेळ्यानंतर निवांतपणे त्यांच्याच ओट्यावर बसून, त्या सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावेत.